एका खेळाची कुळकथा

खेळ हा विषय गंभीर निबंधास योग्य आहे कीं नाहीं, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. बुद्धिबळाचा इतिहास कोणी लिहिला तर त्यास आपण व्यासंगी म्हणतों. पण टेबलाभोंवतीं बसून राक्षस मारल्याचें नुसतें बोलून दाखवावयाचें, अशा खेळाचा इतिहास कोणी लिहूं लागला तर तो पोरखेळ ठरतो. तथापि गेल्या पन्नास वर्षांत ह्याच पोरखेळानें एक प्रश्न असा उपस्थित केला आहे कीं, त्याचें उत्तर देतांना कर्ते, वकील, व्यापारी आणि स्वतः खेळगडी असे सर्वच अडखळले. तो प्रश्न असा: एखाद्या खेळाचे नियम बदलले, कर्ते गेले, मालक बदलले, तरी तो खेळ तोच राहतो काय? आणि राहत असेल, तर त्याचें स्वत्व नेमकें कशांत असतें?

आम्ही ज्या खेळाविषयीं लिहीत आहों त्याचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे भुयारें आणि अग्निमुखी महासर्प. १९७४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत तो छापून प्रसिद्ध झाला. ज्यांनीं तो पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं त्याची रीत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. चारपांच खेळगडी एकत्र बसतात. प्रत्येक जण एक कल्पित पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी देवाचा उपासक, कोणी चोर. एक जण मात्र आपलें असें कोणतेंच पात्र घेत नाहीं, तो पंच. त्या कल्पित जगांतील वाटा, दारें, शत्रु, वारापाऊस, सर्व त्याच्याकडे. पंच सांगतो, "तुम्ही पायऱ्या उतरून एका ओलसर दालनांत आलां आहां. समोर लोखंडी दार आहे. आंतून कांहीं घासल्याचा आवाज येतो. आतां काय करतां?" एक म्हणतो, मी दाराला कान लावतों, दुसरा म्हणतो, मी मशाल विझवितों. ज्या कृत्याचा परिणाम निश्चित नसेल तेथें फांसे टाकतात. बाकी सर्व बोलण्यांतच चालतें. पट नसला तरी अडत नाहीं, आणि शेवटीं कोणी जिंकत नाहीं कीं हरत नाहीं. पात्र जगलें तर पुढल्या आठवड्यांत तेंच पात्र घेऊन मंडळी पुन्हां बसते. अशा रीतीनें एकच कथा महिनोन् महिने, क्वचित् वर्षानुवर्षें चालते.

ह्या खेळाची कुळकथा फार मागें जाते, आणि तिचें पहिलें पान आपल्याच देशांत उघडतें. चतुरंग येथून इराणांत, तेथून अरबांकडे व पुढें युरोपांत गेलें, हें सर्वश्रुत आहे. १७८० सालीं जर्मनींतील ब्राउन्श्वाइग येथील योहान हेल्विग ह्या शिक्षकानें बुद्धिबळाचा पट पुष्कळ वाढविला, त्यावर निरनिराळ्या रंगांनीं डोंगर, दलदल व पाणी दाखविलें, आणि युद्धकला शिकविणारा एक खेळ रचला. त्यानंतर प्रशियांतील राइस्विट्झ पितापुत्रांनीं ही कल्पना चौकटींच्या बाहेर काढली. पित्याचा खेळ १८१२ सालचा. पुत्र तोफखान्यांतील अधिकारी होता, त्यानें १८२४ सालीं नकाशावर खेळावयाचे सविस्तर नियम प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांचे अधिकारी आपापले हुकूम पंचाकडे देत, आणि पंच नियम व फांसे यांच्या आधारें रणांगणावर काय घडलें तें सांगे. पुढें नियमांचें जंजाळ इतकें वाढलें कीं सेनाधिकारी कंटाळले. तेव्हां १८७६ सालीं फेर्डी दु व्हेर्न्वा ह्या प्रशियन सेनाधिकाऱ्यानें असें सुचविलें कीं, हें ओझें बहुतेक उतरवून ठेवावें आणि निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावा. नियम थोर कीं पंच थोर, हा वाद तेव्हांपासून ह्या कुळांत चालत आला आहे.

अमेरिकन सैन्यांतील चार्ल्स टॉटन यानें १८८० सालीं 'स्ट्रॅटेगॉस' नांवाचा असाच एक ग्रंथ लिहिला. त्यांतील पंचाची कल्पना जवळजवळ नव्वद वर्षांनीं मिनेसोटांतील डेव्हिड वेस्ली यांनीं उचलली. १९६९ सालीं त्यांनीं नेपोलियनच्या काळांतील ब्राउनश्टाइन नांवाच्या कल्पित जर्मन गांवाचा खेळ मांडला, आणि कांहीं गड्यांना सैन्याऐवजीं एकेक व्यक्तीच वांटून दिली. सर्वजण आपापल्या व्यक्तीचे हेतु साधण्याच्या खटपटीस लागले आणि खेळाचा इतका गोंधळ उडाला कीं, वेस्ली यांस तो फसला असें वाटलें; खेळगडी मात्र पुन्हां खेळावयास मागूं लागले. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन यांनीं हा प्रकार 'ब्लॅकमूर' नांवाच्या एका अद्भुत प्रांतांत नेला आणि तेथील किल्ल्याखालीं भुयारें कल्पिलीं. तिकडे विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा गांवीं गॅरी गायगॅक्स यांनीं जेफ पेरेन यांच्यासह १९७१ सालीं 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते; त्यांच्या शेवटीं मांत्रिक व महासर्प यांची एक पुरवणी होती. आर्नेसन यांनीं तिचा उपयोग केला, आणि १९७२ च्या अखेरीस स्वतः जाऊन आपला खेळ गायगॅक्स यांस खेळून दाखविला. पुढें गायगॅक्स यांनीं आर्नेसन यांच्या टिपणांचा आधार घेऊन व स्वतःची भर घालून नियम लिहून काढले. जानेवारी १९७४ मध्यें तीन लहान पुस्तिका एका पेटींत घालून विक्रीस निघाल्या. प्रती १०००, किंमत १० डॉलर.

ह्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठावर ह्या नव्या प्रकारास कोणतेंही नवें नांव नव्हतें. अद्भुत मध्ययुगीन युद्धखेळांचे नियम, असेंच तेथें छापलें होतें. लढाई कशी करावी हें पाहावयास वाचकाजवळ 'चेनमेल' असावें, आणि रानांतील प्रवासासाठीं दुसऱ्याच एका कंपनीच्या खेळाचा पट असावा, अशी अपेक्षा होती. अनेक गोष्टी अर्धवट सांगितलेल्या, कित्येक मुळींच न सांगितलेल्या. म्हणजे जन्मतःच हा खेळ अपुरा होता, आणि जो तो पंच उणें पडेल तें आपल्या कल्पनेनें भरून काढी. आमच्या मतें पुढील सर्व वादांचें बीज ह्या अपुरेपणांतच आहे. ज्यानें अर्धा खेळ स्वतःच्या टेबलावर घडविला, त्यास तो परक्याचा कसा वाटावा?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खेळाचें स्वत्व त्याच्या नियमांत असतें, हें उत्तर प्रथम सुचतें. पण ह्या खेळाचे नियम किती बदलले पाहा. पहिल्या पुस्तिकांत योद्धा, मांत्रिक व उपासक हे तीनच पेशे होते. ज्याच्यावांचून आज हा खेळ कोणास सुचणार नाहीं तो चोर १९७५ च्या पुरवणींत आला. चिलखताचा अंक जितका लहान तितकें रक्षण अधिक, असा पंचवीस वर्षें चाललेला हिशेब २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत नेमका उलटा झाला. मांत्रिकानें सकाळीं मंत्र पाठ करावा आणि एकदां उच्चारला कीं तो विसरून जावा, ही जॅक व्हॅन्स ह्या कादंबरीकारापासून घेतलेली मौजेची रीत. तिलाही पुढें कात्री लागली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत, हा खेळ मुलांना सैतानाच्या भजनीं लावतो अशी ओरड होत असल्यामुळें, पिशाच्चांचीं जुनीं नांवेंच गाळलीं गेलीं. बळ, बुद्धि, शहाणपण, चिवटपणा, चापल्य आणि छाप हे सहा गुण, पायरी पायरीनें वाढणारें सामर्थ्य, वीस बाजूंचा फांसा, एवढें काय तें टिकलें. नियम हेंच स्वत्व मानलें, तर हा खेळ आतांपर्यंत अनेकदां मेला असें म्हणावें लागेल.

गंमत अशी कीं, असें म्हणण्याची पाळी खुद्द एका कर्त्यावरच आली. १९७७ ते १९७९ ह्या काळांत गायगॅक्स यांनीं 'ॲडव्हान्स्ड' हें विशेषण लावून तीन जाड ग्रंथांत खेळ नव्यानें मांडला. हा जुन्या खेळाचा विस्तार कीं निराळाच खेळ, ह्यावर आर्नेसन यांचें मानधन अवलंबून होतें. गायगॅक्स यांनीं हा स्वतंत्र खेळ असल्याचें 'द ड्रॅगन' मासिकांत लिहिलें. आर्नेसन यांनीं १९७९ सालीं दावा लावला. १९८१ सालीं तडजोड झाली. कायद्याच्या दृष्टीनें प्रकरण मिटलें, पण मध्यंतरीं हजारों मुलें जुन्या पुस्तिकेंतला एक नियम व नव्या ग्रंथांतला दुसरा, असे मिसळून निर्धास्त खेळत होतीं. दोन खेळ आहेत हें त्यांच्या गांवींही नव्हतें.

मग स्वत्व ह्या खेळाच्या कल्पित जगांत असेल काय? कांहीं खेळांच्या बाबतींत हें खरें आहे. १९७८ सालीं निघालेला 'रूनक्वेस्ट' हा खेळ ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 'ग्लोरान्था' ह्या जगाशीं इतका एकजीव आहे कीं, तें जग उचलून घेतलें तर त्याचा चेहराच हरपेल. परंतु आमच्या खेळाला एक जग कधींच नव्हतें. आर्नेसन यांचें ब्लॅकमूर, गायगॅक्स यांचें ग्रेहॉक, पुढें १९८४ सालीं ड्रॅगनलान्स, १९८७ सालीं एड ग्रीनवुड यांचें फरगॉटन रेल्म्स, १९९१ सालीं वाळवंटी डार्क सन. प्रत्येकाचे देव वेगळे, भूगोल वेगळा. शिवाय ह्या जगांतील रहिवासी उसने घेतलेले. टोल्किनच्या कथांचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनीं १९७७ सालीं हरकत घेतांच 'हॉबिट' हे 'हाफलिंग' झाले, चालणाऱ्या वृक्षांचेंही बारसें दुसऱ्यांदां झालें, आणि खेळ पूर्ववत् चालू राहिला. आमच्या वाचकांस गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' ह्या ग्रंथांत आपला राक्षसही आहे. पण तो आपल्या पुराणांतला लंकेचा राक्षस नव्हे. वाघाचें तोंड, अंगांत ऐटबाज झगा आणि तोंडांत चिलीम, असें त्याचें चित्र आहे! आपल्याकडील कोणाही आजीला तो ओळखतां येणार नाहीं; अमेरिकेंतील तीन पिढ्यांच्या खेळगड्यांना मात्र राक्षस म्हटलें कीं तोच दिसतो. हा विरोध वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें आम्हांस त्याची गरज लागणार आहे.

तिसरें उत्तर असें कीं, स्वत्व हें खेळाच्या घाटांत आहे: पंच, पात्रें, संवाद व फांसे. हा घाट खरोखर नवा होता, पण तो एकट्याचा राहिला नाहीं. १९७५ सालींच केन सेंट आंद्रे यांनीं नुसत्या सहा बाजूंच्या फांशांवर चालणारा 'टनेल्स अँड ट्रोल्स' काढला. त्याला कोणी अडवूं शकलें नाहीं, कारण पद्धति ही कोणाची मिरास नसते, ती सांगणारे शब्द तेवढे लेखकाचे, असें तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें बेकर-सेल्डन ह्या जमाखर्चाच्या पुस्तकासंबंधीं लागलेल्या खटल्यांत फार पूर्वीं घालून दिलें आहे. घाट सामाईक झाला तो असा. तेव्हां घाटावरून जात कळेल, व्यक्ति कळणार नाहीं.

उरलें नांव. नांवाची कसोटी इतिहासानेंच जणूं प्रयोगशाळेंत लावून दाखविली. मूळ कंपनी कर्जांत बुडून १९९७ सालीं 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'कडे गेली, आणि ती कंपनी १९९९ सालीं 'हॅसब्रो' ह्या खेळण्यांच्या मोठ्या व्यापाऱ्यांनीं घेतली. २००० सालीं नव्या मालकांनीं तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक खुला परवाना दिला: नियमांचा बराचसा मजकूर कोणींही घ्यावा, छापावा, विकावा, नांव मात्र वापरूं नये. २००८ च्या मार्चमध्यें गायगॅक्स वारले आणि जूनमध्यें चौथी आवृत्ति निघाली. तिच्यांत सर्व पेशांचे पराक्रम एकाच सांच्यांत ओतलेले होते: कांहीं मनास येईल तेव्हां करावयाचे, कांहीं दर झटापटीस एकदां, कांहीं दिवसांतून एकदां. रचना म्हणून ती सुबक होती, आणि त्याच आवृत्तीवर हा खेळ शिकलेले गडी आजही तिची बाजू घेतात. पण पुष्कळ जुने गडी ती हातांत घेऊन म्हणाले, हा आमचा खेळ नव्हे. पुढल्याच वर्षीं, २००९ सालीं, 'पायझो' ह्या कंपनीनें त्या खुल्या परवान्याच्या आधारें तिसऱ्या आवृत्तीचे नियम थोडे सुधारून 'पाथफाइंडर' ह्या नांवानें छापले, आणि अनेक जण तिकडे गेले. एकाच दुकानांत दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं: एकावर जुनें नांव पण देह नवा, दुसऱ्यावर नांव नवें पण देह जुना. नांव हेंच स्वत्व असतें, तर हा वाद उद्भवलाच नसता.

मिलिंदप्रश्नांत नागसेन राजाला असेंच विचारतो: चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि अखेर रथ हा व्यवहारांतला शब्द आहे, एवढेंच हातीं राहतें. आम्ही ह्यापुढें एक पाऊल टाकूं इच्छितों. व्यवहार म्हटला कीं तो कोणाचा, हें विचारलें पाहिजे. आपल्या भाषेंत 'ओळख' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. माणसाची ओळख म्हणजे तो कोण आहे तें. आणि दोघांची ओळख म्हणजे त्यांच्यामधला परिचय. आमचें म्हणणें असें कीं, खेळाच्या बाबतींत हे दोन अर्थ वेगळे काढतांच येत नाहींत. खेळ काय आहे, हें तो ज्यांच्या परिचयाचा आहे त्यांच्यापासून तोडून ठरवितां येत नाहीं. वाघतोंड्या राक्षस आजीला परका आणि गड्यांना घरचा, ह्याचें कारण हेंच.

ह्या परिचयाचें एक उदाहरण देतों. गायगॅक्स यांनीं १९७५ सालीं एका खेळसंमेलनासाठीं एक भयंकर थडगें रचलें. १९७८ सालीं तें 'टूम ऑफ हॉरर्स' ह्या नांवानें छापलें गेलें. त्यांत भिंतीवर एका हिरव्या सैतानी चेहऱ्याचें उघडें, काळेंकुट्ट तोंड आहे. त्यांत जो शिरतो तो क्षणांत नाहींसा होतो. फांसा नाहीं, लढाई नाहीं, उपाय नाहीं. तेथें किती पात्रें गेलीं असतील ह्याची गणति नाहीं. २०१७ सालीं पांचव्या आवृत्तीच्या नियमांत बसवून तेंच थडगें पुन्हां छापलें. पन्नाशीचा गृहस्थ आणि पंधरा वर्षांचा मुलगा, ज्यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं व ज्यांचे नियमही एक नाहींत, ते त्या हिरव्या तोंडाचा उल्लेख निघतांच एकदम हंसतात. खेळ तोच आहे ह्याचा ह्याहून मोठा पुरावा आम्हांस सांपडत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, मग गडी ज्यास ज्यास हें नांव देतील तें तें सर्व हाच खेळ होय काय? तसें नाहीं. ओळख पटावयास कांहीं चेहरेपट्टी लागते. सहा गुण, पायऱ्या, वीस बाजूंचा फांसा, विसरले जाणारे मंत्र, ह्यांतील एकेक गोष्ट अपरिहार्य नाहीं. वय होतां होतां माणसाचे केस पिकतात, दांत पडतात, तरी शेजारी त्यास ओळखतात. पण सर्वच रेषा एका रात्रींत बदलल्या तर दाराशीं आलेल्या मुलाला आईदेखील क्षणभर थबकून पाहील. २००८ सालीं झालें तें हें. पुढील आवृत्ति काढण्यापूर्वीं प्रकाशकांनीं २०१२ पासून दोन वर्षें कच्चे नियम गड्यांच्या हातीं देऊन मतें मागविलीं, आणि २०१४ सालीं जी पांचवी आवृत्ति आली ती बहुतेकांनीं आपली म्हणून ओळखली. ओळख देण्याचा अधिकार कोणाचा, ह्याची ही एक प्रकारें कबुलीच होती.

तरीही तो धडा पुरता पचला नव्हता. जानेवारी २०२३ मध्यें मालकांच्या नव्या परवान्याचा एक मसुदा बाहेर फुटला. २००० सालचा खुला परवाना रद्द समजावा, मोठी प्राप्ति असणाऱ्यांनीं उत्पन्नाचा हिस्सा द्यावा, असा त्याचा रोख होता. जुन्या परवान्याच्या विश्वासावर लहान लहान लेखकांनीं व प्रकाशकांनीं वीस वर्षें आपलें पोट चालविलें होतें. त्यांच्या पायाखालचीच जमीन सरकली. गड्यांनीं कोर्टाची पायरी चढली नाहीं. त्यांनीं कंपनीच्या सेवेची वर्गणी बंद केली, आणि आम्ही दुसरे नियम घेऊन हाच खेळ खेळूं, असें उघड सांगितलें. त्याच महिन्याच्या २७ तारखेस कंपनीनें माघार घेतली आणि नियमांचा मूळ मजकूर परत घेतां न येणाऱ्या सार्वजनिक परवान्याखालीं सर्वांना खुला केला. २०२४ सालीं नियमांची आणखी एक सुधारलेली आवृत्ति निघाली. तीही कोणी स्वीकारील, कोणी जुनें पुस्तक काढून बसेल.

चतुरंग कोणी रचलें त्याचें नांव आज कोणास ठाऊक नाहीं. इराणांत त्याचें नांव बदललें, युरोपांत मंत्र्याची राणी झाली व तिची चालही बदलली. तरी आपल्या गांवचा बुद्धिबळ खेळणारा परदेशीं गेला तर पटापुढें बसतांच दोन चालींत त्याचा जम बसतो. त्या खेळाला मालक नाहीं आणि तो पोरका झाला नाहीं, कारण त्यास ओळखणारे सर्वत्र आहेत. विस्कॉन्सिनमधल्या त्या १००० पेट्यांतून निघालेला खेळ त्याच कुळांतला होय. त्याचें नांव कंपनीच्या दप्तरीं नोंदलेलें राहील, आणि तें तसें राहण्यास आमची हरकत नाहीं. परंतु पंचानें "आतां काय करतां?" असें विचारलें म्हणजे उत्तर द्यावयाचें असतें तें टेबलाभोंवतीं बसलेल्यांनीं, आणि हा खेळ कोणता, ह्याचेंही उत्तर त्यांनींच द्यावयाचें आहे.